स्वरयंत्र डॉक्टरांनी काढले. आवाज कोणी हिरावला?

आमच्या वस्तीतल्या कव्वाली पार्टीत एक काका तीस वर्षे गायले. उत्तर नागपुरातली जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की कुणाच्या घरचा गृहप्रवेश, काकांचा आवाज माईकशिवाय मंडपाबाहेरच्या चहाटपरीपर्यंत पोचायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. घशाचा कॅन्सर होता. काका आज जिवंत आहेत, चालतात-फिरतात, नातवाला शाळेत सोडतात. पण यंदा १४ एप्रिलला आम्ही त्यांना मंचावर बोलावले तेव्हा ते आले नाहीत. नातवाच्या पाटीवर एक ओळ लिहून पाठवली : "मुक्याचं तिथं काय काम?"

ज्या चळवळीच्या पहिल्या वृत्तपत्राचे नावच 'मूकनायक' होते, त्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला असे का वाटावे? ३१ जानेवारी १९२० पासून आम्ही 'मुक्यांचा आवाज' हा शब्द वापरत आलो. भाषणात वापरला, बॅनरवर छापला. पण ज्याचा आवाज खरोखरच गेला आहे असा माणूस शेजारच्या घरात बसलेला असताना त्याच्यासाठी आम्ही काय केले? उत्तर लाजिरवाणे आहे. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. स्वरयंत्र काढणे ही शिक्षा नाही, तो जीव वाचवणारा उपचार आहे. पण स्वरयंत्र गेले म्हणजे बोलणे कायमचे गेले, ही समजूत खोटी आहे. बोलणे परत मिळवता येते. ते कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न मात्र डॉक्टरी नाही. तो सामाजिक आहे.

ऑपरेशनमध्ये नेमके काय होते?

वस्तीत याबद्दल इतक्या अफवा आहेत की आधी साध्या भाषेत सांगणे भाग आहे. स्वरयंत्र गळ्याच्या मध्यभागी, श्वासनलिकेच्या तोंडाशी असते. त्यातल्या स्वरतंतूंच्या थरथरण्याने नाद तयार होतो. कॅन्सर फार पसरला असेल तर पूर्ण स्वरयंत्र काढतात आणि श्वासनलिकेचे वरचे टोक गळ्याच्या पुढच्या बाजूला वळवून तिथे कायमचे छिद्र करतात. त्यानंतर माणूस नाकातोंडाने नव्हे, या छिद्रातून श्वास घेतो. नाकातून हवा जात नाही म्हणून वास कमी येतो. गरम चहा फुंकता येत नाही. अंघोळ करताना छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून जपावे लागते, नदी-तलावात उतरणे धोक्याचे. धूळ आत जाऊ नये म्हणून गळ्यावर सुती कापड बांधतात. असा माणूस कधी बेशुद्ध पडला तर त्याला श्वास तोंडाने नाही, गळ्याच्या छिद्रातून द्यायचा असतो. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी.

पण जीभ, ओठ, दात, टाळू सगळे जागेवर असते. शब्द तेच घडवतात, स्वरयंत्र फक्त नाद पुरवते. तो नाद दुसरीकडून मिळाला तर माणूस बोलू शकतो. याचे तीन मार्ग आहेत. एक, अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलणे. यात खर्च नाही, पण शिकवणारा लागतो आणि महिनोन्महिने सराव लागतो. दोन, गळ्याला लावायचे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र, इलेक्ट्रोलॅरिंक्स. आवाज यंत्रासारखा येतो, पण शब्द कळतात. तीन, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची एकमार्गी झडप. गळ्याचे छिद्र बोटाने बंद केले की श्वास झडपेतून अन्ननलिकेत जातो आणि नाद तयार होतो. या झडपेने येणारा आवाज माणसाच्या आवाजाच्या सर्वात जवळचा असतो. मात्र झडप काही महिन्यांनी, फार तर वर्षाने-दीड वर्षाने, बदलावी लागते.

घशाच्या कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढण्याचे पहिले ऑपरेशन थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३ साली केले. तो रुग्ण काही महिन्यांनी आजार उलटून गेला. १८८८ मध्ये जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक याच घशाच्या कॅन्सरने मेला. गादीवर बसून ९९ दिवस झाले होते. ऑपरेशन करावे की नाही यावर युरोपातले नामांकित डॉक्टर आधीच भांडत बसले होते. त्या काळात सम्राटाला जे मिळाले नाही ते आज सरकारी दवाखान्यात सफाई कामगाराला मिळू शकते. विज्ञानाने एवढे अंतर कापले. मग आमची माणसे अजून का मरतात, आणि वाचलेली गप्प का बसतात?

उशीर कोणामुळे होतो?

काकांचा आवाज आठ महिने घोगरा होता. सगळे म्हणाले, गाऊन गाऊन घसा बसला. ज्येष्ठमध झाले, हळदीचे दूध झाले, गल्लीतल्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. एकाने तर बाहेरची बाधा सांगून लिंबूही उतरवायला लावले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लिंबू! शेवटी एका रात्री श्वास कोंडला तेव्हा रिक्षात घालून न्यावे लागले.

लक्षात ठेवा : आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे. स्वरतंतूंवरचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेकांना रेडिएशनने किंवा लेझरने बरे करता येते आणि स्वरयंत्र वाचते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधला एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाढलेल्या आजाराचे ३३२ रुग्ण होते. आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन दिलेल्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र त्या गटात आणि ऑपरेशन केलेल्या गटात सारखेच होते. म्हणजे काही वाढलेल्या आजारातही स्वरयंत्र वाचवता येते.

पण त्यासाठी काय लागते? सहा-सात आठवडे आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन, नियमित तपासणी, पोटभर खाणे आणि शहरात राहायला जागा. रोजंदारीवर जगणारा माणूस सात आठवडे काम सोडून शहरात कुठे राहणार? गोंदिया-गडचिरोलीच्या गावातून रोज नागपूरला कोण येणार? म्हणून अनेकदा असे घडते की पगारी रजा असलेल्याचे स्वरयंत्र वाचते आणि मजुराचे काढावे लागते. आजार एकच, गळा एकाच मांसाचा. फरक पडतो तो रजेचा, घराचा आणि पहिल्या तपासणीच्या तारखेचा.

इथे एक इशाराही देतो. कॅन्सर कूर्चा फोडून बाहेर गेला असेल तर स्वरयंत्र काढणेच योग्य असते. डॉक्टरांनी सांगितल्यावर 'आवाज जाईल' या भीतीने पळून जाऊ नका, जडीबुटीवाल्याकडे तर नकोच. 'आवाज गेल्यावर जगून काय उपयोग?' असे आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. जगून उपयोग आहे. नातवाला शाळेत सोडणारे काका आमच्या डोळ्यांसमोर आहेत.

"लिहून सांगा!"

काकांचे ऑपरेशन उत्तम झाले, हे मान्य केलेच पाहिजे. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी बारा-चौदा तास उभे राहून काम केले. खर्च योजनेतून झाला. पण सुटीच्या दिवशी बोलण्याचे काय, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले : "सध्या लिहून सांगा." वाचा-उपचार तज्ज्ञाचे पद रिकामे होते. झडप बसवून घ्यायची तर नंतर या. ते 'नंतर' दोन वर्षांत आले नाही.

काका चौथी शिकलेले. पाटीवर लिहितात. पण त्यांच्या शेजारच्या खाटेवर गोंदियाकडची एक मावशी होती. आयुष्यभर विड्या वळल्या, वळता वळता ओढायचीही सवय लागली. तिचेही स्वरयंत्र काढले होते. तिलाही सिस्टर सांगायची, "लिहून सांगा मावशी." मावशीने कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. ती हाताने खाटेवर थापा मारायची. दुखते आहे की पाणी हवे, की छिद्रात कफ अडकून जीव घुसमटतो आहे, हे त्या थापेवरून ओळखायचे. वॉर्डातले लोक तिला 'चिडकी' म्हणू लागले.

तिचा आवाज दोनदा काढून घेतला गेला. पहिल्यांदा लहानपणी, शाळेऐवजी तिच्या हातात सूप आणि तेंदूपान आले तेव्हा. तेव्हा तिला विचारायला कुणी डॉक्टर आला नव्हता. दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर. दुसऱ्या वेळी कारण होते, जीव वाचवायचा होता. पहिल्या वेळी कोणते कारण होते? ते कारण आम्हाला चांगले ठाऊक आहे. बाबासाहेब 'शिका' का म्हणाले, हे पुस्तकातून समजत नसेल त्याने त्या वॉर्डात एक दिवस बसावे.

विदर्भातल्या आमच्या समाजाचे आणि विडीचे नाते जुने आहे. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांना ठेकेदारांच्या पिळवणुकीतून सोडवण्यासाठी कामठी, नागपूर, रामटेक, भंडारा भागात संघटित केले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या नंतर १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आला, १९७६ चा कल्याण निधीचा कायदा आला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला. विडीवर कर राहिला, पण कामगाराच्या नावाने वेगळा गोळा होणारा पैसा बंद झाला.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी अडारकर समितीचे काम झाले आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. उपचार म्हणजे दया नव्हे, कामगाराचा हक्क, हे तत्त्व त्यामागे होते. घरी बसून विड्या वळणारी मावशी आणि ठेकेदाराकडचा सफाई कामगार या हक्काच्या बाहेरच राहिले. काका याच दुसऱ्या गटातले. ठेकेदाराने त्यांना ऑपरेशननंतर परत घेतले नाही. "बोलता येत नाही, मुकादमाला उत्तर कसे देणार?" हे त्याचे कारण. झाडू मारायला स्वरयंत्र लागते, हे आम्हाला त्या दिवशी कळले!

कायद्यात नाव आहे, हातात काय?

आता कायद्याचे बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. त्याच्या परिशिष्टात 'वाचा व भाषा दिव्यांगता' याची व्याख्या देताना स्वरयंत्र काढण्याच्या ऑपरेशनचा उल्लेख नाव घेऊन केला आहे. म्हणजे काका कायद्याने दिव्यांग आहेत. त्यांना प्रमाणपत्र मिळू शकते, युडीआयडी कार्ड मिळू शकते. दवाखान्यातून सुटी देताना ही गोष्ट त्यांना कोणीही सांगितली नाही. आम्हालाही दीड वर्षाने, कायदा उघडून वाचल्यावर कळली.

याच कायद्याचे कलम २० सांगते की सरकारी आस्थापनेतला कर्मचारी नोकरीत असताना दिव्यांग झाला तर त्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. महापालिकेतल्या कायम कामगाराला हे संरक्षण आहे. ठेकेदारीवाल्याला ते मिळवून द्यायला कोणी पुढे येत नाही. सफाईच्या कामात ठेकेदारी कोणाच्या वाट्याला आली आहे, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक छिद्र याच कायद्यात आहे. नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणाचे कलम ३४ वाचा. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, स्वमग्न, मनोरुग्ण असे गट आहेत. वाचा दिव्यांगतेला तिथे स्वतंत्र जागा नाही. व्याख्येत नाव आणि वाट्यात शून्य. ही पद्धत आमच्या समाजाला नवीन नाही.

एक चांगली तरतूदही सांगतो, कारण ती आमच्या लढ्यात उपयोगी आहे. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराने भर कोर्टात लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ११९ होते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२५ आहे. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात 'साक्षीदार बोलू शकत नाही' म्हणून कोणी त्याला बाजूला सारत असेल तर हे कलम पुढे करा.

पैशांचा खरा प्रश्न किती?

सरकार म्हणेल, परदेशी झडप महाग आहे, हजारो रुपये लागतात आणि पुन्हा पुन्हा बदलावी लागते. बरोबर. पण बंगळुरूचे कॅन्सर शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी एका अभियंता मित्राबरोबर 'ऑम' नावाची झडप तयार केली आणि तिची किंमत ५० रुपयांच्या आसपास ठेवली. गरीब रुग्णाला परदेशी झडप परवडत नाही, हे पाहूनच त्यांनी हे केले. म्हणजे देशात बुद्धी आहे, वस्तूही तयार होते. उणीव आहे ती आवाजाला उपचाराचा भाग मानण्याची. पाय कापल्यावर जयपूर फूट लागतो, हे सर्वांना पटते. गळा कापल्यावर आवाज लागतो, हे का पटत नाही? कारण पाय नसलेला मजूर कामाच्या ठिकाणी खटकतो. न बोलणारा मजूर खटकत नाही, उलट सोयीचा वाटतो.

आता आमच्याकडे वळू

व्यवस्थेला शिव्या देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या जयंतीच्या मंडपामागे खर्ऱ्याच्या पन्न्यांचा खच पडतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा प्रत्येक पानठेल्यावर घोटला जातो आणि आमचे कार्यकर्ते तोंडात खर्रा धरूनच घोषणा देतात. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हाही निव्वळ भ्रम आहे. तंबाखूला दारूची जोड मिळाली की घशाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. बाविसातली एक प्रतिज्ञा दारूबद्दल आहे, ती पाठ म्हणताना आमचा आवाज खणखणीत असतो. तो तसाच राहावा असे वाटत असेल तर प्रतिज्ञा पाळावीही लागेल.

आणि डीजे. एका रात्रीच्या डीजेचे भाडे किती असते ते वर्गणी गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहे. तेवढ्या पैशात वस्तीतल्या एका माणसाला इलेक्ट्रोलॅरिंक्स आला असता. ज्या रात्री भिंती हादरवणारे भोंगे आम्ही भाड्याने आणले, त्या रात्री आमचाच गायक घरात पाटी घेऊन बसला होता. हे आम्ही केले, दुसऱ्या कोणी नाही.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या अशा :

१. स्वरयंत्र काढण्याचे ऑपरेशन जिथे होते तिथे वाचा-उपचार तज्ज्ञाचे पद भरलेले असलेच पाहिजे. ऑपरेशनच्या आधीच रुग्णाला बोलण्याचे तिन्ही मार्ग समजावून सांगावेत.

२. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनबरोबर झडप, ती दर वेळी बदलण्याचा खर्च आणि वाचा-उपचार यांची हमी द्यावी. स्वस्त देशी झडप सरकारी दवाखान्यांत उपलब्ध करावी.

३. दवाखान्यातून सुटी देतानाच दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरून घ्यावा. आरोग्यमित्राने संजय गांधी निराधार योजनेची माहिती रुग्णाला द्यावी.

४. लिहिता न येणाऱ्या रुग्णांसाठी वॉर्डात चित्रांचे फलक ठेवावेत. पाणी, दुखणे, श्वास, कफ, घरचे. एका पुठ्ठ्याचा खर्च आहे.

५. ठेकेदारी सफाई कामगार आणि घरबसल्या विडी वळणारे कामगार यांची वर्षातून एकदा तोंडाची व घशाची तपासणी व्हावी, आणि रेडिएशनच्या काळात रुग्णाला राहण्याची सोय व बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी.

आणि स्वतःकडे मागणी एकच. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतला पहिला खर्च काकांच्या आवाजाचा. आमच्या मंडळाने तसा ठराव केला आहे. मावशीचा गोंदियाकडचा पत्ताही शोधायला घेतला आहे. सापडली तर फलक घेऊन आम्ही स्वतः जाऊ, आणि तिला अक्षर ओळखायचे असेल तर ते शिकवायलाही.

काका, तुम्ही पाटीवर विचारलेत, मुक्याचे तिथे काय काम? तुमचेच काम आहे. तुमचा आवाज पूर्वीसारखा येणार नाही, कव्वालीचा वरचा सूर लागणार नाही, हे आम्हाला कळते. खरखरीत येईल, यंत्रासारखा येईल. येऊ द्या. आमच्या लोकांचा आवाज गोड आहे म्हणून कोणी कधी ऐकून घेतला नव्हता. तो आम्ही ऐकायला लावला. पुढच्या १४ एप्रिलला मंचावर तुमची खुर्ची राखलेली असेल, आणि कार्यक्रमाचा पहिला 'जय भीम' तुमचा असेल.

जय भीम!